पद्मिनी घाटात ओढत नाही: बोअर करायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात लिहून घेतो, म्हणजे मला जे कळलं ते बरोबर आहे का ते तुम्हालाही दिसेल. १९८९ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. गाडी पुण्यात असते, अधूनमधून कराडला जाते. आयडलला मऊ चालते, सपाट रस्त्याला साठपर्यंत काही तक्रार नाही, पण त्यापुढं कितीही पाय दाबा, आवाज वाढतो गाडी वाढत नाही. खंबाटकी चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं आणि वरच्या वळणांवर झटके खाते. वर थांबून चहा घेतला, वीसेक मिनिटं गेली, की परत बरी चालते. मेकॅनिकनं नवा कार्ब्युरेटर बसवला, प्लग बदलले, फरक शून्य, आणि आता तो म्हणतोय इंजिन बसलंय, बोअर करायला, म्हणजे घासलेले सिलिंडर आतून कापून मोठे करायला लागतील.

बोअर आत्ता करू नका. कारण तुम्हीच लिहिलंय, वीस मिनिटं थांबल्यावर गाडी सुधारते. रिंगा आणि बोअर घासलेलं इंजिन चहा पिऊन येईपर्यंत बरं होत नाही हो. जे गरम झाल्यावर बिघडतं आणि गार झाल्यावर सुधारतं ते बहुतेक वेळा करंटचं (म्हणजे प्लगच्या ठिणगीचं) नाहीतर पेट्रोल पोचण्याचं दुखणं असतं. इंजिनाला घासही असेल, पस्तीस वर्षांची गाडी आहे, पण आज जो त्रास होतोय तो त्यामुळं होतोय असं मानायला अजून एकही पुरावा नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलंय का असं विचारा मेकॅनिकला. मोजलं नसेल तर बोअरचा सल्ला हा अंदाज आहे, आणि अंदाज महागात पडतो.

मी आधी मुंबईत टॅक्सीची कामं केली, नंतर कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज टाकलं, त्यामुळं फियाट, म्हणजे याच पद्मिनी, हातातून पुष्कळ गेल्यात. माझं मत असं झालंय की कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पॉवर गेली की लोक पहिला हात कार्ब्युरेटरला घालतात कारण तो वर, समोर, उघडायला सोपा असतो, आणि त्यात कचरा सापडतोच. जुन्या गाडीत कधीही उघडा, कचरा सापडणारच, म्हणून तोच गुन्हेगार असं होत नाही. मी कार्ब्युरेटर शेवटी धरतो. त्याच्या आधी करंट, टायमिंग (ठिणगी कधी पडते ते), टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन, पेट्रोल येतंय किती, हे सगळं सरळ आहे याची खात्री करतो, कारण यातलं एक जरी वाकडं असेल तर कार्ब्युरेटर ट्यून करून काही उपयोग नसतो, उलट एक चूक दुसऱ्या चुकीनं झाकली जाते.

तुमच्या गाडीत मला दोन वेगळे दोष एकत्र आल्यासारखे वाटतात. साठच्या पुढं न जाणं ही एक गोष्ट, ती गार गाडीतही असणार. गरम झाल्यावर झटके आणि विश्रांतीनंतर सुधारणा ही दुसरी. दोन्हीला एकच कारण शोधत बसलात तर फिरत राहाल. अर्थात गाडी समोर नाही, न बघता सांगतोय, त्यामुळं जिथं "असेल" म्हणतोय तिथं असेलच असं धरू नका.

पहिल्यांदा फुकटातल्या तपासण्या. एकाला आत बसवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही एअर क्लीनर काढून वरून बघा, थ्रॉटलची पाकळी पूर्ण उभी होतेय का. पद्मिनीत पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत काड्या आणि बॉल जॉइंट आहेत, ते झिजले की पाय फ्लोअरला टेकतो आणि पाकळी पाऊणच उघडते, त्यात खाली जाड रबरी मॅट घातलेली असेल तर अजून कमी. नवीन कार्ब्युरेटर बसवला म्हणताय, तेव्हा लिंकेज परत सेट केलंच असेल असं गृहीत धरू नका. चोकची केबल पूर्ण परत जातेय का तेही बघून घ्या. एअर फिल्टर काढून उन्हाकडं धरून बघा, प्रकाश दिसत नसेल तर बदला.

मग गाडी स्वतःलाच अडवत नाही ना ते बघायचं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून या, शक्यतो ब्रेक न मारता थांबवा, आणि चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. जुना रबरी ब्रेक होज बाहेरून चांगला दिसतो पण आतून फुगून बंद होतो, प्रेशर जातं पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. सपाट जागी न्यूट्रलला एका माणसानं ढकलली तर गाडी हलली पाहिजे. क्लचची परीक्षा पण सोपी आहे: हँडब्रेक घट्ट, तिसरा गिअर, थोडी रेस देऊन क्लच सोडा, इंजिन तिथंच बंद पडायला पाहिजे. बंद न पडता घुरघुरत राहिलं तर क्लच स्लिप होतोय. "आवाज वाढतो गाडी वाढत नाही" असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगितलं, कारण बरेचदा लोक क्लचला पॉवर लॉस म्हणतात.

हे सगळं ठीक निघालं असं धरून आता करंटकडं येतो, आणि इथं मी जास्त वेळ घेणार आहे कारण माझा पहिला संशय इथंच आहे.

डेल्कोचं, म्हणजे चारही प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढा. आतून कार्बनच्या बारीक रेषा दिसतात का, मधलं कार्बनचं बटण आहे का, झाकणाखाली फिरणाऱ्या रोटरचं टोक जळलंय का. मग रोटर बोटांनी धरून फिरतो त्या दिशेला थोडा पिळा. तो थोडासा फिरला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगनं झटकन परत आला पाहिजे. पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या) प्लेटखाली दोन वजनं असतात, इंजिनाचा स्पीड वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि टायमिंग आपोआप पुढं जातं. आतलं ग्रीस वाळून चिकट झालं की वजनं हलत नाहीत. अशा गाडीचं लक्षण काय असतं? आयडल एकदम छान, कारण आयडलला हा जादा अॅडव्हान्स (टायमिंग पुढं जाणं) लागतच नाही. खालच्या स्पीडला बरी. आणि एका ठराविक स्पीडच्या पुढं जणू कोणी मागून धरलंय. तुमच्या साठच्या तक्रारीचं वर्णन याच्याशी फार जुळतं. टायमिंग लाइट मिळाला तर पुलीवरच्या खुणेवर लावून रेस वाढवा, खूण हळूहळू सरकत गेली पाहिजे, जागेवर राहिली किंवा उड्या मारत असली तर डेल्को उतरवून वजनं, स्प्रिंगा, सगळं केरोसीननं धुवायचं, थेंबभर तेल टाकून परत बसवायचं. पार्ट नाही लागत, नुसता वेळ लागतो, म्हणून तर कोणी करत नाही.

डेल्को उतरवलाच आहे तर शाफ्ट आडवा हलवून बघा. बुश झिजला असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो आणि मग टायमिंग कितीही सेट करा, स्थिर राहत नाही.

पॉइंटचा गॅप ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लावून. पॉइंटची टाच कॅमवर घासत असते, ती झिजली की गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झाला की टायमिंग मागं जातं. म्हणजे कुणीही हात न लावता गाडी महिन्या-महिन्यानं रिटार्ड होत जाते, आणि रिटार्ड झालेली गाडी ओढत नाही, जास्त तापते, पेट्रोल जास्त खाते. वर्षभर पॉइंट बघितला नसेल तर तिथंच निम्मा खेळ आहे. गॅप आधी, टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करू नका, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतंच. पॉइंट सेट झाल्यावर स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद ठेवून, टेस्ट लॅम्पनं लावा, मॅन्युअलमधल्या खुणेवर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कुणीतरी झाकण काढून वायरी परत लावताना दोन अदलाबदल केल्या असतील तर आयडलच नीट राहणार नाही, त्यामुळं तुमच्याकडं ते नसणार, तरी एक नजर टाका.

आता गरम झाल्यावरचे झटके. इथं कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) आणि कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) दोन्हीवर माझी नजर आहे. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमाराला थांबलं, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, आणि टॅक्सी होत्या तोपर्यंत जे पार्ट सहज मिळायचे ते आता बरेचसे डुप्लिकेट मिळतात. नवा कंडेन्सर पाकिटातून काढून बसवला आणि तो गरम झाला की मेला, हे आता नेहमीचं झालंय. माझी पद्धत अशी की जुना ओरिजिनल कंडेन्सर चालू असेल तर फेकायचा नाही, डिकीत ठेवायचा. कॉइलचंही तेच, गार असताना करंट जाड आणि निळा, तापली की पिवळा आणि बारीक.

झटके चालू असतानाच बघायचं असतं, गार झाल्यावर सगळंच निर्दोष दिसतं. घाट संपल्यावर सुरक्षित मोकळी जागा बघून थांबा, बॉनेट उघडा, डेल्कोच्या मधली जाड वायर काढून इन्सुलेटेड पकडीनं ब्लॉकपासून चारपाच मिलिमीटरवर धरा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. पेट्रोल गळत असेल किंवा वास येत असेल तर हे अजिबात करू नका. करंट उडी मारताना नीट आणि निळा दिसला तर कॉइल बरी आहे, पिवळा किंवा मधूनच नाही आला तर कॉइल-कंडेन्सर बदलून बघा, आधी कंडेन्सर, तो स्वस्त आहे.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोक बघतात. इग्निशन स्विच आणि फ्यूज बॉक्स पस्तीस वर्षांचे आहेत. मल्टिमीटरनं कॉइलच्या प्लस टोकाला व्होल्टेज मोजा, स्विच ऑन, पॉइंट एकमेकांना टेकलेले असताना, आणि बॅटरीच्या टोकावर मोजा. कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर (व्होल्टेज मुद्दाम कमी करणारा) नसेल तर दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. दीड-दोन व्होल्ट मधेच खाल्ले जात असतील तर कॉइल नवी टाकूनही करंट मरतुकडाच येणार. बॅटरीच्या प्लसवरून तात्पुरती वायर कॉइलला देऊन एक चक्कर मारून बघा, गाडी सुधारली तर दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. ती वायर चाचणीपुरतीच, कारण ती असताना चावीनं इंजिन बंद होत नाही.

करंट की पेट्रोल हे रस्त्यावर ओळखायची माझी ढोबळ रीत सांगतो. करंट मेला तर गाडी एकदम मिस मारते, झटका तुटक असतो, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फट् फट् आवाज येतो. पेट्रोल कमी पडलं तर ताकद हळूहळू ओसरते, गाडी हुंदके देते, पाय थोडा सोडला की सावरते, परत दाबला की परत जाते, आणि फुसका आवाज आला तर तो वरून, कार्ब्युरेटरच्या तोंडातून येतो. शंभर टक्के नियम नाही, पण बऱ्यापैकी उपयोगी पडतो.

आणि मग चोकची टेस्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते कारण पैसे लागत नाहीत. गाडी गरम आहे, चढावर गुदमरतेय, त्या वेळी चोक थोडा, अर्धा इंच, बाहेर ओढा. गाडीनं जोर धरला तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. अजून बिघडली, काळा धूर आला, तर मिश्रण आधीच जाड आहे. काहीच फरक नाही पडला तर पेट्रोल सोडा आणि परत करंट-टायमिंगकडं या. एक अट आहे: काही कार्ब्युरेटरला तोंडावर पाकळीचा चोक असतो आणि काही सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये बाजूला स्टार्टरची चकती असते, चकतीवाल्यात पूर्ण पाय दाबलेला असताना चोकचा परिणाम जवळपास जाणवत नाही, म्हणून ही टेस्ट अर्ध्या थ्रॉटलला करा.

समजा चोकनं सुधारली. तर पेट्रोलच्या वाटेनं टाकीपासून सुरुवात. गाडी गुदमरली की थांबून टाकीचं झाकण उघडा, आत हवा ओढल्याचा सूं आवाज आला आणि लगेच गाडी बरी झाली तर झाकणाचं भोक बंद आहे, टाकीत व्हॅक्यूम होतोय. दोन मिनिटांचं काम, आणि यासाठी लोकांनी पंप बदललेले मी बघितलेत. मग फिल्टर, टाकीतला गंज. मग टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइप. हा ओढणाऱ्या बाजूचा पाइप आहे, त्याला चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून खाली डाग शोधून काही सापडत नाही. क्लिप घट्ट करून, शंका असली तर सगळा पाइपच बदला.

एसी पंपाचं (इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं) आउटलेट काढून बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा, प्रत्येक फेरीला जोरदार पिचकारी यायला पाहिजे, थेंब थेंब किंवा बुडबुडे नकोत. कॉइलची वायर काढून ठेवा हे करताना, आणि आसपास विडी-सिगरेटवाला कोणी नको.

गरमीत पेट्रोलची वाफ होऊन पंप उपाशी राहणं, ज्याला सगळे व्हेपर लॉक म्हणतात, हे पद्मिनीचं जुनं दुखणं. मे महिन्यात घाटात बॉनेट उघडून पंपावर ओला फडका टाकून बसलेल्या फियाट ज्यांनी बघितल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. फडका टाकल्यावर पाच मिनिटांत गाडी बरी झाली तर निदान झालं, पण उपाय नाही झाला. पंप आणि ब्लॉकच्या मधला जाड इन्सुलेटर आहे का बघा, पंप बदलताना बरेचदा तो काढून नुसतं पातळ पॅकिंग लावलेलं असतं, मग ब्लॉकची सगळी उष्णता पंपात. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर लांबून फिरवा. रेडिएटर, पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट ठीक आहे ना तेही बघा, आणि मघाचं रिटार्ड टायमिंग आठवा, त्यानं बॉनेटखालची गरमी वाढते. म्हणजे तुमचे दोन दोष एकमेकांना मदतही करत असतील.

आता सध्याच्या पेट्रोलबद्दल, कारण यावर कुणीतरी विचारणारच. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट, आणि २० टक्के मिसळलेल्याला साधारण साडेतेरा पट. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरनं हे ओळखून जास्त पेट्रोल सोडते, कार्ब्युरेटरला डोकं नाही, त्याच्या जेटातून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून) तेवढंच जातं. म्हणजे तुमची गाडी आधी होती त्यापेक्षा साताआठ टक्के पातळ चालतेय. आधीच थोडी पातळ असलेली गाडी यानं चढावर उघडी पडते. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर आणि गंज सुटा करतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो, जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगवतं किंवा कडक करतं, पाणी धरतं. गाडी महिनाभर उभी राहत असेल तर हे सगळं जास्त. पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घ्या, आणि मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा विचार करायला हरकत नाही, पण सगळ्यात शेवटी, बाकी सगळं सरळ झाल्यावर. आत्ता जेट मोठा केला तर खरा दोष काळ्या धुराखाली लपेल.

कॉम्प्रेशन. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, बॅटरी चांगली पाहिजे, आणि प्रत्येकाला सहा-सात फेऱ्या स्टार्टर. मला आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, कारण गेज गेजला वेगळं दाखवतं. चारही जवळपास सारखे आणि एकशेवीस पीएसआयच्या वर असतील तर बोअरचा विषय बंद. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा: वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन पडलेत तर हेड गॅस्केट.

पण कॉम्प्रेशनच्या आधी टॅपेट सेट करून घ्या, नाहीतर आकडा फसवतो. देशभर शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि ही इंजिनं त्याच्या आधीची आहेत, शिसं नसल्यामुळं एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू खाली बसते. सीट बसली की टॅपेटचा गॅप कमी होतो, आवाज कमी होतो, मालकाला वाटतं गाडी किती शांत चालते, आणि इकडं व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. टकटक करणारा टॅपेट मला चालतो, एकदम गप्प टॅपेट बघितला की मी फिलर गेज काढतो. व्हॉल्व्ह जळले असतील तर हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि सीटचं काम करावं लागेल, ते बोअरपेक्षा बरंच लहान काम आहे.

सायलेन्सर पण एकदा बघा. आतले पडदे गंजून कोसळले की धूर बाहेर जायला वाटच राहत नाही. व्हॅक्यूम गेज असेल तर इनटेक मॅनिफोल्डला लावा, आयडलला काटा स्थिर, चांगल्या इंजिनाला समुद्रसपाटीला सतरा ते एकवीस इंच (पाऱ्याचे), पुणे साडेपाचशे मीटरवर आहे म्हणून तुमच्याकडं दोनेक इंच कमी धरा. मग रेस अडीच हजारावर धरून ठेवली आणि काटा हळूहळू उतरत गेला तर एक्झॉस्ट तुंबलाय. गेज नसेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचा जॉइंट सैल करून एक छोटी चक्कर मारा, आवाजानं गल्ली जागी होईल पण उत्तर मिळेल.

प्लगच्या रंगाचं थोडक्यात सांगतो, सगळ्यांना माहीतच असतं. बिस्किटासारखा तपकिरी चांगला, पांढरा म्हणजे पातळ किंवा जास्त तापलेला, कोरडा काळा म्हणजे जाड, ओला तेलकट म्हणजे ऑइल जळतंय. पण शहरात आयडलला उभी करून काढलेल्या प्लगावरून घाटातलं काही कळत नाही, चढ संपल्या संपल्या आयडलला न ठेवता बंद करून काढलेला प्लग खरं बोलतो. प्लगचा गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास.

आणि आता नवा कार्ब्युरेटर. तो आहे तसाच राहू द्या, एवढ्यात परत बदलू नका, पण दोन गोष्टी तपासा. जेटवर नंबर कोरलेला असतो, नव्याचा आणि जुन्याचा मेन जेट, एअर जेट शेजारी ठेवून वाचा. बाजारातल्या कॉपीत नंबर वेगळे असतात किंवा नंबर तोच आणि भोक वेगळं असतं. दुसरं, बुडाचं गॅस्केट आणि फ्लॅंज. नट फार आवळले की फ्लॅंज वाकते आणि तिथून हवा घेते, काच किंवा सपाट पट्टी लावून बघितलं की फट दिसते. जेट साफ करायचे तर हवेनं, तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग तो कायमचा गेला. फ्लोटची लेव्हल (कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी) कमी असेल तर आयडल ठीक आणि चढावर उपाशी, हेही तुमच्या लक्षणात बसतं. गाडीला कधी सीएनजी किंवा एलपीजी किट होतं का ते लिहिलं नाहीत. असेल तर कार्ब्युरेटरच्या तोंडावरची मिक्सरची रिंग अजून तिथंच आहे का बघा, ती हवा अडवते.

मी तुमच्या जागी असतो तर रविवारी सकाळी गार गाडीवर टॅपेट आणि पॉइंट, मग डेल्कोची वजनं, मग टायमिंग, एवढंच करून चक्कर मारली असती. साठची भिंत गेली तर अर्धं काम झालं. त्यानंतर चोकची टेस्ट घेत घाट, आणि झटके आले तर तिथंच आधी टाकीचं झाकण, मग करंट, मग ओला फडका, या क्रमानं. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशानं सुधारली ते कळत नाही, आणि परत बिघडली की परत पहिल्यापासून.

अपेक्षा पण जमिनीवर ठेवू. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, त्यात दर हजार फुटाला साधारण तीन टक्के ताकद हवा विरळ झाल्यामुळं जातेच, मग महाबळेश्वरला पोचेपर्यंत तेरा-चौदा टक्के गेली. चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी तिसऱ्यात, एखाद्या वळणावर दुसऱ्यात, हे नव्या पद्मिनीलाही करावं लागायचं. झटके न खाता, न थांबता चढली पाहिजे, एवढं मागणं रास्त आहे.

दुसरं इंजिन बसवायचं पण तुम्ही विचारलंय. त्याला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, माउंटिंग, गिअरबॉक्स, सगळं जुळवावं लागतं, आणि वडिलांची गाडी म्हणून ठेवायचीय तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

कॉम्प्रेशनचे चारही आकडे, टॅपेट सेट करायच्या आधीचे गॅप, रोटर पिळल्यावर परत येतो की नाही, आणि चोक ओढल्यावर घाटात काय झालं, हे चार कळवा, मग पुढचं बोलू. आणि जुना कार्ब्युरेटर मेकॅनिककडंच राहिला असेल तर आधी तो मागून आणा, नव्याचे जेट जुळले नाहीत तर धुऊन परत तोच बसवायला लागेल.